अकरा ग्रीक शब्द आणि सुकरीची गुरे

मुंबई, गिरगाव
ता. ३० ऑगस्ट १९११

तीर्थरूप अप्पामामांचे सेवेशी,
विसूचा साष्टांग नमस्कार.

मी कॉलेजात ग्रीक घेतली तेव्हा आपण विचारले होते, "ती भाषा बोलणारे सगळे मेले ना रे? मग तुला नोकरी कोण देणार?" मामा, नोकरी मिळाली. सहा महिन्यांची आहे, कच्ची आहे, पण आहे. आमचे प्रोफेसरसाहेब ग्रीक-मराठी कोश करीत आहेत. जुनी ग्रीक मंडळी निम्मी लढाईवर आणि निम्मी गुरांमागे असत. त्यामुळे जनावरे राखण्याचे शब्द त्या भाषेत इतके, की साहेबांनी ते निराळे काढून एका माणसाच्या गळ्यात घालायचे ठरवले. तो गळा माझा. कारण पहिल्याच भेटीत माझ्या तोंडून गेले, की माझे मामा जव्हार संस्थानात मेंढपाळांतच राहतात. साहेब इतके खूश झाले, की आपण जकातीच्या नाक्यावर कारकून आहात एवढी दुरुस्ती करायला मला फटच मिळाली नाही.

सोबत अकरा शब्दांची यादी देवनागरीत लिहून जोडली आहे. बूकोलोस म्हणजे गाई-बैल राखणारा. आइपोलोस म्हणजे शेळ्या राखणारा. प्रोबातोन म्हणजे मेंढरू, पण मुळात "पुढे चालणारे". हे सोपे आहेत. माझे घोडे अडले आहे ते दोन क्रियापदांवर, बोस्केइन आणि पोइमाइनेइन. दोन्हींपुढे मी "गुरे चारणे" लिहिले, तर साहेबांनी तांबड्या शाईने विचारले, "मग ग्रीकांनी दोन शब्द कशाला केले?"

तिथला एखादा जाणता मेंढपाळ गाठून आपण एवढे विचारून द्यावे. यादी दिवाळीच्या सुटीआधी द्यायची आहे. न दिल्यास माझी जागा पुण्याच्या एका गृहस्थाला जाईल. त्याला ग्रीक येत नाही, पण येत नाही हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही.

ती. मामींस नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
विसू

*

नाका, जव्हार-मोखाडा रस्ता
भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, शके १८३३

चि. विसूस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र डाकवाल्याने भिजवून आणले. मी ते चुलीपाशी वाळत घातले आणि तुझ्या मामीने पापड समजून उलटवले. त्यामुळे दोन ग्रीक शब्द करपले आहेत, बाकीचे नऊ खुसखुशीत आहेत.

आता तुझ्या साहेबांना एक दुःखाची बातमी. या संस्थानात मेंढरू नाही. औषधालाही नाही. इथे चार महिने जो पाऊस कोसळतो त्यात मेंढरू उभ्या उभ्या कुजेल. मेंढी इथे स्वतः येत नाही, घोंगडी पाठवते. तेव्हा तुझे मामा मेंढपाळांत राहतात हे तू साहेबांना सांगितलेस, ते तू जन्मात बोललेल्या थापांत पहिल्या पंक्तीला बसेल.

आहेत त्या गाई, बैल आणि शेळ्या. तुझ्या ग्रीकांना गाईंना एक आणि शेळ्यांना एक असे दोन दोन गडी परवडत. आमच्या पाड्याला सगळ्यांत मिळून एक सुकरी आहे.

पाडा माझ्या नाक्याच्या वर, टेकडीवर. बावीस घरे, चौसष्ट जनावरे. गुराख्याला इथे बाळदी म्हणतात. लहान्या नावाचा बाळदी होता, तो ज्येष्ठात तापाने गेला. दुसऱ्या दिवशी गुरे दावणीला हंबरत होती आणि पुरुषमंडळी "आता कसं" म्हणत बसली होती. तेव्हा त्याची बायको सुकरी उठली, त्याची काठी घेतली आणि गुरे सोडली. तिला कोणी सांगितले नाही आणि कोणी अडवलेही नाही, कारण बाहेर पाऊस होता. आता पाऊस सरत आला, ऊन पडू लागले, आणि ऊन पडताच पाड्यातल्या शहाण्यांना आठवले की बाई बाळदी होऊ शकत नाही.

याचा निकाल दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला लागतो. त्या दिवशी वेशीवरच्या वाघोबाच्या दगडापुढे पाडा जमतो. एक जण वाघाचे सोंग घेतो. बाळदी त्याला तीनदा विचारतो, "आमच्या शिवारी येशील का?" वाघ तीनदा म्हणतो, "नाय येनार." मग बावीस घरे त्या बाळद्याला वर्षाची नागली, म्हणजे तुमची नाचणी, द्यायला बांधली जातात. कारभारी बाबल्याचे म्हणणे, "वाघानं बायकोचा सवाल ऐकला नाय तं?" बाबल्याला मी चांगला ओळखतो. त्याची बायको रुपी. त्या दोघांच्या घरी सवाल कोण करतो आणि ऐकतो कोण, हे माझ्या नाक्यापर्यंत ऐकू येते.

त्याला ती जागा मेहुण्याला, लाडक्याला द्यायची आहे. लाडक्याच्या अंगी एकच गुण, तो उभ्याने झोपू शकतो. तो बाळदी झाला तर सुकरीला दाभोशाला भावाकडे जावे लागेल, आणि आमच्याकडे कोपरा रिकामा नाही असे भावजयीने आताच कळवले आहे.

तुझे काम केले. सुकरीला म्हटले, ग्रीक लोक मेंढराला "पुढे चालणारे" म्हणत. ती म्हणाली, "शेळीच पुढं चालं, दादा. गाय मागं चालं. मी मधी." (तिची बोली माझ्या लेखणीत नीट बसत नाही. माझ्या कानाला आली तशी लिहितो.) आणि मग मला विचारले, "त्या लोकांकडं वाघ होता?"

काय सांगू ते कळव.

अप्पा

*

मुंबई
ता. १३ सप्टेंबर १९११

तीर्थरूप अप्पामामांस सा. न.

ग्रीकांकडे वाघ नव्हता, लांडगे होते. सुकरीबाईंना सांगावे, की त्यांचे काम ग्रीकांपेक्षा अवघड आहे.

"शेळी पुढं, गाय मागं, मी मधी" हे मी साहेबांना वाचून दाखवले. ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले आणि परत आले. एवढा आनंद त्यांना पगाराच्या दिवशीसुद्धा होत नाही. म्हणाले, "म्हाताऱ्या बाईंना आणखी विचारा." (त्या म्हाताऱ्याच असतील ना?)

पुढचे शब्द असे. नोमेउस, म्हणजे राखणारा, पण त्या शब्दाच्या पोटात "वाटून देणारा" असा अर्थ आहे. गुराखी काय वाटतो? दुसरा कालाउरोप्स. ही गुराख्याची काठी, पण ग्रीक ती फेकत असे लिहिले आहे. स्वतःच्या जनावराला काठी फेकून कोण मारतो? आणि एक गंमत, जुन्या काव्यांत राजाला "माणसांचा मेंढपाळ" म्हटले आहे.

साहेबांची एक सूचना आहे. नुसते शब्द नकोत, प्रत्यक्ष कळप हवा. तरी प्रत्येक जनावराचे नाव, रंग, खोडी, कोणाच्या घरचे, आणि त्याला हाक कशी मारतात, हे आपण बसून लिहून घ्यावे.

आपला,
विसू

*

नाका
भाद्रपद वद्य द्वादशी

चि. विसूस आशीर्वाद.

पहिली गोष्ट. राजाला गुराखी म्हणणारी वाक्ये यापुढे पत्रात लिहू नकोस. संस्थानची डाक चार हातांतून येते आणि त्यांतल्या दोघांना वाचता येते.

दुसरी गोष्ट. सुकरी म्हातारी नाही. पस्तिशीची आहे आणि तुझ्या मामाला चढावर मागे टाकते.

मी पाच दिवस रोज सकाळी दौत, टाक आणि कोरे कागद घेऊन तिच्यामागे हिंडतो आहे. नाक्यावर तुझी मामी बसते. तिच्या हाताखाली नाक्याचा कारभार सुधारला आहे असे गाडीवाले म्हणतात, त्यांच्या जिभेला हाड नाही.

वाटून देणारा म्हणजे काय, ते कळले. सुकरी डोंगर वाटून देते. सोमवारी वरचा माळ, कारण परवा तिथे शेळ्या गेल्या नव्हत्या. मंगळवारी ओहोळाकाठ, पण फक्त दुभत्या गाईंना. बुधवारी तिकडे कोणालाच नाही. मी म्हटले, "हे लिहून कुठे ठेवतेस?" तर म्हणाली, "गवतावर." काठीचेही तसेच. ती काठी फेकते ती जनावराला मारायला नव्हे. पळत्या गाईच्या नाकापुढे हातभर अंतरावर पडेल अशी फेकते, आणि गाय वळते. मी एकदा फेकून पाहिली. ती माझ्याच पायावर पडली. त्याला ग्रीकमध्ये काही शब्द असल्यास कळवू नकोस.

कळपही लिहून घेतला. काबरी, उजवे शिंग मोडके, माहेर जामसर, लाथ मारते, घर बाबल्याचे. मोरी, पांढरे कपाळ, नवसू भगताची, दूध चोरून ठेवते. हऱ्या बैल, सगळ्यांचा बाप, कोणाला भीत नाही. असे आठ ताव झाले.

पाड्यातली माणसे या दिवसांत फार सभ्य झाली आहेत. एरवी मला पाहून बसल्या जागेवरून मान हलवणारा बाबल्या आता दोन्ही हातांनी जोहार करतो. कोणी एक भोपळा आणून ठेवला. लाडक्या तर म्हणाला, "सायब, दौत मी धरू?" विद्येचा मान डोंगरातसुद्धा आहे बघ!

एक मात्र समजत नाही. पहिल्या दिवशी रानात चौसष्ट जनावरे होती. परवा एक्केचाळीस होती. आज एकोणीस. मी सुकरीला विचारले, तर म्हणाली, "ज्यांची त्यांनी नेली," आणि काठी उचलून चालू लागली. ती अलीकडे बोलतच नाही. मला वाटते, दसरा जवळ आला म्हणून लोक जनावरांना विसावा देत असावेत.

अप्पा

*

मुंबई
ता. २६ सप्टेंबर १९११

तीर्थरूप मामांस सा. न.

हे पत्र घाईत लिहितो. मामा, विसावा वगैरे काही नाही.

इथे सगळीकडे एकच बोलणे, डिसेंबरात दिल्लीला मोठा दरबार भरणार आणि सगळे राजेरजवाडे जाणार. घोडे मोजताहेत, गाड्या मोजताहेत, तंबू मोजताहेत. परवा न्हाव्याने मला विचारले, तुमच्या चाळीतले पाणी मोजून गेले का? मुंबईची ही कथा, तर डोंगरातली काय असेल?

मी त्या पाड्यात राहत असतो, माझी एकच दुभती गाय असती, आणि संस्थानचा कारकून रोज रानात येऊन तिचे नाव, रंग, शिंग आणि माझे घर सरकारी कागदावर लिहून नेताना मला दिसला असता, तर मी काय केले असते? त्याला भोपळा दिला असता आणि रात्रीतून गाय घेऊन इंग्रजी हद्दीत गेलो असतो. आपल्या नाक्याच्या बांबूपलीकडे इंग्रजी हद्दच आहे ना? आणि प्रत्येक गाईचे नाव आपल्याला सांगत कोण होते, हेही पाड्याने पाहिले असेल ना?

दोष माझा आहे. यादी मी मागवली. ती फाडा किंवा जाळा. माझ्या जागेची काळजी करू नये.

बूकोलेइन या शब्दाचा, गुरे राखणे याशिवाय, "गोड बोलून चकवणे" असाही एक अर्थ आहे. हे मला कालच सापडले. तिथे कोणी बूकोलेइन करीत आहे का, ते पाहावे.

विसू

*

नाका
आश्विन शुद्ध त्रयोदशी

चि. विसूस आशीर्वाद.

दीडशे मैलांवर नसशील, पण बराच लांब बसून तुला जे दिसले, ते मला भोपळा मांडीवर घेऊन दिसले नाही. मी तीस वर्षे कारकून आहे. माझ्या हातात टाक दिसला की माणूस आधी गुरे लपवतो, हे मला सोडून सगळ्या मुलखाला ठाऊक होते.

रुपीने तुझ्या मामीला ओहोळावर सगळे सांगितले. पाड्यात अशी आवई, की गोऱ्या राजाला दिल्लीत दूध कमी पडणार, म्हणून काळा कारकून दुभती जनावरे टिपतो आहे आणि सुकरी त्याला एकेकीचे नाव सांगते आहे. आवई उठवली लाडक्याने. तुझे बूकोलेइन ते हेच. मग त्यानेच सगळ्यांवर उपकार म्हणून पंचेचाळीस जनावरे माझा नाका चुकवून ओहोळाच्या वाटेने पलीकडे खोडाळ्याच्या बाजूला नेली आणि सोयऱ्यांच्या कळपांत घातली. इकडे सुकरीला कोणी चुलीसाठी विस्तव देईना. ती मला काही बोलली नाही. मी तिला रोज हसतमुखाने विचारत होतो, "आज बैलाला हाक कशी मारायची?"

मी यादी जाळली नाही. पाड्यात गेलो, बाबल्याच्या अंगणात उभा राहिलो आणि आठही ताव मोठ्याने वाचले. अगोदर सगळे श्वास रोखून बसले. मग "काबरी, उजवे शिंग मोडके, लाथ मारते" आले, तेव्हा कोणीतरी फिसकन हसले. "मोरी, दूध चोरून ठेवते" आले, तेव्हा नवसू भगत म्हणाला, "मंग माझ्या घरी तिनं एवढे दिस काय केलं, ते कळलं." मी विचारले, "या जनावरांना दिल्लीला कोण नेईल रे?" बाबल्या विचार करून म्हणाला, "काबरी नेली तं दिल्लीचं वाटोळं." तिथे पाडा हसत सुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. माझ्या नोकरीत माझे लिखाण इतके कोणालाच आवडले नव्हते.

पण गुरे राहिली पलीकडेच. दसऱ्याला लाडक्या सहा माणसे घेऊन आणायला गेला. तिथे तीन कळप एकत्र मिसळलेले. खोडाळ्याचे लोक म्हणाले, ओळखा आणि न्या. लाडक्या एक गाय घेऊन परत आला. ती परकी निघाली. तिला पोहोचवायला दोन माणसे गेली, त्यांना तिने वाटेत पाडले.

शेवटी रुपी उठली. खापरात विस्तव घेतला आणि सुकरीच्या दारी जाऊन ठेवला. म्हणाली, "वहिनी, चूल पेटव. अन् मंग चल." सुकरीने चूल पेटवली, भाकर केली, खाल्ली. सगळा पाडा बाहेर उभा. मग निघाली.

ओहोळाच्या अलीकडे, संस्थानच्या हद्दीत एक खडक आहे, त्यावर ती उभी राहिली. पलीकडे माळावर दोनशेच्या वर जनावरे. तिने हाका मारल्या. ओरडली नाही, रोजच्यासारख्याच मारल्या. "काऽबरे! मोऽरे! हऱ्या, हा, हा, हा!" अगोदर एका माळावरच्या दोनशे माना वर झाल्या. मग त्यांतल्या काही पुन्हा गवतात गेल्या आणि काही नाही गेल्या. काबरी आधी निघाली. तिच्या मागे शेळ्या, मग तिलाही मागे टाकून शेळ्याच पुढे. हऱ्या सगळ्यांत शेवटी, जसा काही त्याला कोणी बोलावलेच नव्हते. विसू, त्यांनी ओहोळात पाणी उडवले ते उन्हात असे काही दिसले, की बाबल्या माझ्याजवळ उभा होता त्याने माझा हात धरला. मग कारकुनाचा हात आहे हे ध्यानात येऊन सोडला.

पंचेचाळीस. एकही परके नाही, एकही कमी नाही.

परराज्यातून येणारे प्रत्येक जनावर नाक्यावर लिहावे असा संस्थानचा नियम आहे. गुरे नाक्यापाशी आली तेव्हा सगळा पाडा माझ्या हाताकडे बघत होता. मी दौत उपडी केली. तुझी मामी म्हणते, सारवलेल्या जमिनीवरचा डाग अजून निघत नाही.

एवढे होऊनही बाबल्या म्हणतो, "गुरां आली ते खरं. पन वाघाचं काय?" आणि यंदा वाघ कोण होणार म्हणशील तर लाडक्या. त्याने हट्टाने मागून घेतले. त्याचे लक्षण मला बरे दिसत नाही.

अप्पा

*

मुंबई
ता. ९ ऑक्टोबर १९११

तीर्थरूप मामांस सा. न.

आपले पत्र मी चाळीच्या जिन्यात उभ्याने वाचले. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले, पास झालास का? मी म्हटले, हो.

आता एक कबुली. आपल्या पहिल्या पत्राची वाट न पाहता मी पुण्याच्या त्या गृहस्थाच्या मदतीने यादी संस्कृतात उरकली होती. गोपालक, अजापालक, मेषपालक, पशुपालक. साहेबांनी ती परत केली. म्हणाले, "हे सगळे देवांचे दागिने आहेत. हा माणूस सकाळी उठून करतो काय?" हे मी आपल्याला लिहिले नाही, कारण लाज वाटली.

आता दहा शब्दांपुढे सुकरीबाईंचे बोल आहेत. बोस्केइनपुढे "चारणे" पक्के केले. पोइमाइनेइनची जागा कोरी ठेवली आहे. साहेब म्हणाले, "वाघबारस होऊ द्या." त्यांनाही आता यादीपेक्षा तिकडचीच काळजी लागली आहे. रोज विचारतात, टपाल आले का? मामा, तिला बाळदी करतील ना? बाबल्याला आपण काही सांगू शकत नाही का?

विसू

*

नाका
आश्विन वद्य चतुर्दशी

चि. विसूस आशीर्वाद.

बाबल्याला मी काही सांगितले नाही. माझ्या मदतीने सुकरीचे एवढे नुकसान झाले होते, की आणखी मदत करायचा मला धीर झाला नाही.

वाघबारशीला सकाळी सगळा पाडा वेशीवर. ऐनाच्या झाडाखाली वाघोबाचा दगड, त्याला ताजा शेंदूर. गुरांच्या अंगावर गेरूचे हात उठवलेले. लाडक्या राख फासून, कोळशाचे पट्टे ओढून, पेंढ्याचे शेपूट लावून बसलेला. खोटे कशाला बोलू, वाघ झकास झाला होता. जन्मात पहिल्यांदा त्याने एखादे काम मन लावून केले होते.

नवसू भगताने नारळ फोडला. सुकरी पुढे आली. काठी हातात, पदर कमरेला. तिने विचारले,

"आमच्या शिवारी येशील का?"

वाघाने पंजा चाटला.

तिने पुन्हा विचारले. तर वाघ छाती काढून म्हणतो, "येनार!"

विसू, इतक्या वर्षांत त्या दगडापुढे कोणा वाघाने असे म्हटलेले नाही. बायकांनी पोरे जवळ ओढली. बाबल्या कासावीस होऊन म्हणाला, "अरं लाडक्या, असं नसतं रं!"

"मी लाडक्या नाय. मी वाघ हाय."

"वाघ नाय येनार म्हनतो!"

"तो बाप्याला म्हनतो. बाईला नाय म्हनत."

आता सगळे सुकरीकडे बघतात. मी नखे खात होतो. मामीने माझा हात खाली ओढला. सुकरीने तिसरा सवाल केलाच नाही. नागलीत शिरणाऱ्या जनावराकडे ती बघते तसे त्याच्याकडे पाहिले आणि म्हणाली, "येतोस तं ये. रोज ये. पाऊसभर आलास, तवा कोन होतं तठं? मीच होते. उद्या पन मीच हाय."

आता यावर वाघाने काय म्हणावे, हे लाडक्याला कोणी शिकवलेले नव्हते. म्हणून त्याने डरकाळी फोडली आणि तिच्या अंगावर उडी घेतली. तिला भिववायला, दुसरे काही नाही. पण मागे हऱ्या उभा होता. बैलाला वाघबारस कळत नाही. त्याला वाघ कळतो.

त्याने मान खाली घातली.

पुढचे मी पाहिले, पण सांगता येणे कठीण. वाघ पुढे, बैल मागे, दगडाला दोन प्रदक्षिणा झाल्या. तिसरीत शेपूट हऱ्याच्या शिंगाला राहिले आणि वाघ ऐनावर. वरून हंबरडा, "नाय येनार! नाय येनार! नाय येनार!" नवसू भगत बोटे मोजत होता, तो म्हणाला, "तीन झालं, पुरं." पण वाघाचे थांबेना. शिवारातच काय, तालुक्यात येणार नाही म्हणाला.

हऱ्या झाडाला धडक द्यायला मागे सरला तेव्हा सुकरीची काठी गेली. त्याच्या नाकापुढे हातभर. तो वळला. तिने नाव घेतले, तो येऊन तिच्याजवळ उभा राहिला, शिंगाला शेपूट लोंबते आहे. "उतर रं लाडक्या," ती म्हणाली. "नाय मारनार तो." लाडक्या उतरला. आणि, हा त्याचा मोठेपणा म्हणून लिहितो, तो हसत होता. हसता हसता खाली बसला आणि मग सगळेच बसले.

बाबल्याने रुपीकडे पाहिले. रुपीने बाबल्याकडे पाहिले. तो उठला आणि त्याच्या घरची नागलीची टोपली, सगळ्यांत आधी, सुकरीच्या पुढे ठेवली. बाकीच्या एकवीस घरांनी कारभाऱ्याला काय दिसले असे विचारले नाही. सगळ्यांना तेच दिसले होते. सुकरी वर्षाची बाळदी झाली. जेवायला भात, वाल आणि गुळाची खीर होती. लाडक्याने चारदा वाढून घेतली.

तुझ्या कोऱ्या जागेत "राखणे" लिही. चारणे लाडक्यालाही येते. गवत तोंडापाशी असले की गुरे आपली आपण चरतात, माणूस तिथे असला काय आणि झोपला काय. साहेबांनी तांबड्या शाईने काही विचारले तर त्यांना इकडे पाठव, आम्ही हऱ्या दाखवू.

आता शेवटचे, आणि हे कोशात घालू नकोस.

काल सुकरीला घरोघरची नागली गोळा करायची होती. तिने मला विचारले, "दादा, चिलीम वढाया लागं तेवढा वेळ गुरां बघाल?" मी म्हटले, अवश्य. आठ ताव माझे लिहून झालेले, अकरा शब्द मला पाठ. काठी घेऊन मी माळावर उभा राहिलो. मला वाटते मी फार शोभून दिसत होतो. चिलीम अर्धी झाली नसेल, तोवर काबरी बाबल्याच्या पिकल्या नागलीत शिरली आणि मागोमाग सगळी पंगत. मी हाका मारल्या. मी काठी फेकली. ती अजून सापडलेली नाही. शेवटी मी तुझे सगळे ग्रीक शब्द एकामागून एक म्हणून पाहिले. पोइमाइनेइनला काबरीने मान वर केली, माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा कणसात घातली.

सुकरी आली ती डोक्यावरची टोपली न उतरवता. एकच हाक दिली. सगळी बाहेर. बांधावर बाबल्या दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा. त्याच्याकडे तिने पाहिलेही नाही. मला म्हणाली,

"दादा, तुमी लिवा. गुरां मी राखते."

तेव्हा बसून लिहितो आहे.

तुझा मामा,
अप्पा